शेजारणी मरेनात

एकोणतीस वर्षं मी पेशी पाळल्या. "पाळल्या" म्हटलं की घरचे हसतात, पण मला दुसरा शब्द सापडलेला नाही. त्यांना वेळेवर खायला घालावं लागतं, त्यांचं पाणी बदलावं लागतं, दाटी झाली की वेगळं बिऱ्हाड थाटून द्यावं लागतं, आणि चार दिवस कुठे लग्नाला जायचं म्हटलं की आधी त्यांची सोय लावावी लागते. नागपुरात रामदासपेठेतल्या एका संशोधन संस्थेत मी हे काम केलं. संस्थेचं नाव सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात दोष माझा आहे, तिच्या नावाला उगाच बट्टा कशाला?

माझ्या धरमपेठेतल्या मैत्रिणींना अजूनही वाटतं की मी रक्त-लघवी तपासत होते. "जरा माझी शुगर बघून दे ना," असं म्हणत एकीनं हळदीकुंकवाच्या दिवशी बोट पुढे केलं होतं. त्यांना आणि तुम्हालाही एकदाच सांगून टाकते. आमच्याकडे रुग्ण येत नसत. आमच्याकडे होत्या त्या नुसत्या पेशी, म्हणजे शरीराच्या अगदी बारीक विटा. काचेसारख्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, गुलाबी रंगाच्या पाण्यात त्या तळाला चिकटून वाढायच्या. माझ्याकडे सगळ्यात जास्त असायच्या त्या यकृताच्या कर्करोगाच्या पेशी. फार वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणा एका रुग्णाच्या गाठीतून त्या काढलेल्या. तो माणूस कधीच गेला असणार, पेशी मात्र माझ्या हातून आठवड्यातून दोनदा जेवत होत्या. साधी पेशी ठरावीक वेळा दुभंगते आणि थांबते. कर्करोगाच्या पेशीला थांबणं ठाऊकच नसतं, म्हणून तर तो कर्करोग.

या पेशींना शरीराइतकी ऊब लागते, सदतीस अंश, ना कमी ना जास्त. त्यासाठी इन्क्युबेटर नावाचं कपाट असतं. मे महिन्यात नागपूर शेहेचाळिसावर गेलं की आमचे शिपाई शंकरराव त्या कपाटाकडे बघून म्हणायचे, "ताई, दोन घंटे मले ठेवा ना आत. पेशीची मजा आहे, आपली सजा आहे."

याच शंकररावांमुळे माझं राज्य सुरू झालं, तेव्हा त्यांची गोष्ट सांगायला हवी. खंडेनवमीला आमच्याकडे उपकरणांची पूजा व्हायची. तराजू, सूक्ष्मदर्शक, मोटारी, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. त्यात काही वावगं नव्हतं, मीही हात जोडायची. पण एका वर्षी शंकररावांना वाटलं की इन्क्युबेटरची पूजा बाहेरून काय करायची, देव तर आत आहे. त्यांनी दार उघडून प्रत्येक फळीवर एकेक झेंडू ठेवला आणि वर चिमूटभर कुंकू वाहिलं. दसरा झाला, मध्ये रविवार आला. सोमवारी मी दार उघडलं तर बाटलीबाटलीत बुरशी, काळी, केसाळ. सगळ्या पेशी फेकल्या, कपाट आठ दिवस घासलं आणि अतिथंड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशी पुन्हा जाग्या केल्या. शंकरराव महिनाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मी त्यांना रागावले नाही. श्रद्धेनं केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही, नुसतं घासत बसावं लागतं.

त्यानंतर सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, पेशींच्या खोलीवर पाटी लावली: ताईंशिवाय कुणीही आत जायचं नाही. संशोधन करणाऱ्या मुलांनी काय हवं ते लिहून द्यायचं, औषध तयार करून खिडकीतून द्यायचं. पेशी पेरणं आणि त्यांत औषध घालणं हे सगळं आत ताई करणार. मोजणीच्या दिवशी मुलांच्या हाती तयार प्लेट. प्लेट म्हणजे पेशी वाढवायच्या चपट्या डब्या. अशी पद्धत इतर कुठे नसावी, असली तर मला माहीत नाही. मला ती फार आवडली, हे कबूल करते. मोठमोठे डॉक्टर खिडकीत वाकून "ताई, आज मिळेल का?" विचारायचे. विज्ञान शाखेची साधी पदवी घेतलेल्या बाईला आणखी काय हवं?

आणि माझं काम चांगलं होतं. हे मी स्वतः सांगतेय, कारण सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. माझे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. लहानपणापासून मी गुंतलेलं सूत एकेक धागा करून सोडवलं आहे. यकृताच्या या पेशींची खोड अशी की त्या एकमेकींना चिकटून ढीग करतात, एकीवर एक चढतात. नव्या माणसाच्या हातची प्लेट बघावी तर जागोजागी गठ्ठे. माझ्या प्लेटमध्ये एकही गठ्ठा नसे. पेशी बारीक सुईतून हलकेच दहा-बारा वेळा वरखाली करायच्या, सुट्या करायच्या आणि विरळ पेरायच्या. प्रत्येक पेशी वेगळी आणि मोजायला सोपी. औषधांच्या मात्रा तपासणारे एक डॉक्टर माझ्या प्लेटचे फोटो व्याख्यानात दाखवायचे. तेव्हापासून मी सगळ्यांना तशाच प्लेट देऊ लागले. कुणी मागो न मागो, उत्तम तेच द्यायचं, असं माझं धोरण होतं.

मग प्रज्ञा आली. उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्याची मुलगी, काटक, कमी बोलणारी. तिचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेणाऱ्यांत होते, आणि घरात प्रयोगशाळेपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिचा विषय होता आत्मघाती जनुक. नाव ऐकून मी दचकले होते. तिनं खिडकीपाशी उभं राहून मला तो समजावून सांगितला. तिच्याकडून शिकलेलं तुम्हाला सांगते.

ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड उठतात. ते एका विषाणूमुळे. त्या विषाणूचं एक जनुक काढून कर्करोगाच्या पेशीत घालायचं. त्यानं पेशीला काहीच होत नाही. ती फक्त एक एन्झाइम बनवू लागते, जे माणसाच्या पेशीत एरवी नसतं. मग गॅनसायक्लोविर नावाचं औषध द्यायचं. हे औषध साध्या पेशीत गेलं तर बहुतेक वेळा तसंच पडून राहतं. पण जनुकवाल्या पेशीतलं एन्झाइम त्याला धरतं आणि बदलायला सुरुवात करतं. पुढचं काम पेशीची स्वतःची यंत्रणा करते आणि त्याचं विष तयार होतं. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. त्या नकलेत हे विष खोट्या विटेसारखं बसतं, काम तिथेच अडतं आणि पेशी मरते. आपल्या मरणाचं औषध पेशी आपल्याच घरात कुटते, म्हणून आत्मघाती.

"अन् चांगल्या पेशीत गेलं जनुक तं?" मी विचारलं होतं.

"त्याले बटन आहे ताई," प्रज्ञा म्हणाली. "पोटातल्या बाळाचं यकृत एक प्रोटीन बनवते. जन्मल्यावर ते बंद होते. यकृताच्या कॅन्सरमधी पुष्कळदा ते पुन्हा सुरू होते. त्याच बटनाले आपलं जनुक जोडायचं. मंग ते कॅन्सरच्या पेशीतच चालू होईन, चांगल्या पेशीत बंद राहीन." मग तीच पुढे म्हणाली, "शंभर टक्के नाही बंद राहत. चांगल्या यकृतालेही धोका असते. ते अजून कोनाले जमलं नाही पुरतं."

अडचण आणखी एक होती. गाठीत कोट्यवधी पेशी असतात. प्रत्येकीत जनुक पोचवणं कुणाच्याच्यानं होत नाही. शंभरातल्या दहांत पोचलं तर बाकी नव्वदांचं काय? गंमत इथेच आहे. एकमेकींना टेकून असलेल्या पेशींच्या भिंतींतून अगदी बारीक नळ्या असतात. त्यांतून छोट्या गोष्टींची देवघेव चालते. एन्झाइम मोठं, ते घरातच राहतं. विष छोटं, ते नळीतून शेजारी जातं. ज्या पेशीत जनुक गेलंच नाही, तीही शेजारणीकडून आलेल्या विषानं मरते. त्यामुळे दहांनी सुरुवात करून जवळजवळ सगळी डबी रिकामी होऊ शकते. इंग्रजीत याला लांबलचक नाव आहे. आम्ही दोघी म्हणायचो, शेजारणी मरणं.

प्रज्ञाला हेच दाखवायचं होतं. जनुकवाल्या पेशींची वेगळी बाटली तिनं दुसऱ्या शहरात जाऊन, मेहनतीनं तयार करून आणली होती. दहा भाग त्या आणि नव्वद भाग साध्या अशा मिसळायच्या, औषध घालायचं आणि पाच दिवसांनी किती जगल्या ते मोजायचं. तुलनेला सोबत एक बिनऔषधाची प्लेट.

पहिल्या खेपेला जनुकवाल्या मेल्या. शेजारणी जशाच्या तशा. दुसऱ्या खेपेला तेच. तिनं औषध नव्यानं मागवलं, पुन्हा तेच. सहा महिने हे चाललं. जगभरच्या प्रयोगशाळांत शेजारणी मरत होत्या, आमच्या रामदासपेठेत मरेनात.

प्रज्ञाच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर समिती बसणार होती. तोवर काही दिसलं नाही तर विषय काढून घेणार आणि शिष्यवृत्ती बंद होणार, म्हणजे चार वर्षं पाण्यात. एक दिवस सर मला म्हणाले, "ताई, प्लेट ठीक असतात ना आपल्या?"

मी म्हटलं, "माझ्या प्लेटला काय धाड भरली आहे? पोरीचा हात घाईचा आहे. औषध नीट विरघळवत नसेल, नाहीतर मोजण्यात हलगर्जी करत असेल."

यातलं एकही मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर प्रज्ञाला झापलं. "हलगर्जी" हा माझाच शब्द वापरला. ती खाली बघून उभी राहिली आणि मी खिडकीच्या आत हातमोजे बदलत होते.

त्याच दिवसांत एका वर्तमानपत्रात आमच्या कामावर बातमी आली. कुणाशी तरी दोन शब्द बोलून पत्रकारानं मथळा दिला होता की यकृताच्या कर्करोगावर नागपुरात औषध सापडलं. चौथ्या दिवशी रामटेककडचे एक शेतकरी दारात उभे. मारोतराव. पन्नाशी उलटलेले, हातात पिशवी, पिशवीत बायकोचे रिपोर्ट. सर गावाला गेले होते, म्हणून शंकररावांनी त्यांना माझ्याकडे बसवलं.

"बाई, ते औषध इथंच भेटते म्हणते," ते म्हणाले. त्यांनी बातमीचं कात्रण घडी करून खिशात ठेवलं होतं. ते काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

मला सरळ "नाही" म्हणवेना. मग मी करू नये ते केलं, विज्ञान समजावत बसले. जनुक, औषध, विष. त्यांना कळावं म्हणून त्यांच्याच शेतात शिरले: बांधी म्हणजे भाताचं खाचर, चुड म्हणजे एकत्र रोवलेल्या रोपांचा झुबका, तुडतुडा ही त्यावरची कीड. म्हटलं, "भाऊ, धानाच्या बांधीत कसं, एका चुडीले तुडतुडा लागला की बाजूच्या चुडीले लागते, मंग सारी बांधी जाते. तसंच हे. एक पेशी मरते अन् शेजारचीले घेऊन मरते."

मारोतरावांनी मान हलवली. "तसं नाही होत बाई. दाट रोवलं असन तं लागते. आमी दहा ओळी झाल्या की मधात हातभर पट्टा सोडतो, मोकळा. तुडतुडा त्या पट्ट्याच्या पल्याड इतक्यात नाही जात. पहिले आमचे लोक दाट लावत, तं खंड्याच्या खंड्या जळून जायच्या."

मला रागच आला. दाखला देणारी मी, आणि हा माणूस दाखला दुरुस्त करतोय. "असन," म्हटलं मी, "मले शेतीचं नाही समजत."

"मंग कवा भेटन औषध?"

आता सांगणं भाग होतं. "भाऊ, हे औषध नाही. आमी डबीतल्या पेशीवर पाहून राहिलो फक्त. माणसाले द्यायचं आमच्याकडं काहीच नाही. तिकडं परदेशात बी अजून तपासूनच राहिले."

त्यांनी कात्रणावर बोट ठेवलं. "मंग पेपरात काहून लिवलं?"

मी विषय बदलला. त्यांच्या बायकोवर कुठे उपचार चालू आहेत ते विचारलं. करून झाले होते, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं होतं. शंकररावांनी चहा आणला, मारोतरावांनी तो घेतला आणि रिपोर्ट पिशवीत नीट रचून ते बस गाठायला गेले. मी त्यांचा फोन नंबरही घेतला नाही. पुढे त्या बाईंचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि हे न माहीत असणं मला अजून टोचतं.

दोन दिवसांनी मी प्रज्ञाच्या प्लेटमध्ये औषध घालायला बसले. घालण्याआधी सवयीनं प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सुरेख प्लेट. एकही गठ्ठा नाही. प्रत्येक पेशी सुटी, प्रत्येकीच्या भोवती आपलं आपलं अंगण. आणि मला मारोतरावांचं बोलणं आठवलं. पट्टा सोडला होता. दहा ओळींनंतर नव्हे, एकेका चुडीभोवती. नळ्या असतात त्या टेकलेल्या पेशींच्या भिंतींत. माझ्या पेशी कुणाला टेकतच नव्हत्या. विष जाणार कुठून?

खिडकीच्या आतल्या बाजूला प्रज्ञानं पहिल्याच दिवशी दिलेला कागद चिकटवलेला होता. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. तिसरीच ओळ होती: पेशी पुरेशा दाट पेराव्यात, तळ भरून एकमेकींना टेकल्या की मगच औषध घालावं. मी पेरायचे विरळ आणि औषध घालायचे दुसऱ्या सकाळी, माझ्या वेळापत्रकाप्रमाणे. सहा महिने तो कागद माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. विद्यार्थिनीचा कागद काय वाचायचा, एवढंच त्याचं कारण.

त्या आठवड्यात मी कुणाला काही न सांगता दोन प्लेट केल्या. एक माझ्या पद्धतीनं आणि एक दाट, सुईतून न काढता. मला बघवेना इतकी दाटी होऊ दिली, दोन दिवस थांबले, मग औषध घातलं. औषध दोन्हींत तेच, प्रज्ञानं केलेलं. पाचव्या दिवशी दोन्ही खिडकीतून दिल्या.

विरळ प्लेटमध्ये नेहमीचंच चित्र होतं. दाट प्लेट उचलली तेव्हाच पाणी गढूळ दिसत होतं. मेलेल्या पेशी तळ सोडून तरंगतात, त्याचा तो गढूळपणा. तळाला चिकटलेलं फारसं काही राहिलंच नव्हतं. प्रज्ञानं दोनदा मोजलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती आनंदानं ओरडेल.  ती विरळ प्लेटही घेऊन पुन्हा मोजू लागली.

सर खूश. म्हणाले, "बघा ताई, जरा रागावलो तेव्हा कुठे पोरगी ताळ्यावर आली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गप्प बसले. मनात म्हटलं, काम झालं ना, आता कशाला उकरायचं? प्लेट इथून पुढे दाट देईन, कुणाला कळणार आहे? अठ्ठावीस वर्षांचं नाव आणि निवृत्तीला वर्ष उरलेलं. असे आठ दिवस काढले. जेवण जात होतं, झोपही लागत होती, उगाच खोटं कशाला सांगू? फक्त खिडकीत प्रज्ञा आली की मी काचेला फडकं मारायला घ्यायचे.

समितीच्या आदल्या दिवशी सरांचं टिपण सहीसाठी माझ्या टेबलावर आलं, कारण प्लेटच्या नोंदी माझ्या होत्या. त्यात लिहिलं होतं की सुरुवातीचे निष्फळ प्रयोग विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे झाले. माझा शब्द आता टाइप होऊन आला होता. तो तिथे बघून मी स्वतःला एक गोष्ट विचारली. प्रज्ञाच्या आधी धरमपेठेतल्या एका चांगल्या घरातल्या मुलानं औषधांच्या काचेच्या बाटल्या खरोखर फोडल्या होत्या, दोनदा. त्याला मी धांदरट म्हणून हसले होते. हिनं एक काच तडकवली नाही, आणि हिच्यासाठी हलगर्जी हा शब्द माझ्या तोंडात इतका तयार कसा होता? उत्तर मला माहीत होतं. ते आवडलं नाही, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे: तो धरमपेठेचा होता, ही इंदोऱ्याची. तरी टिपणावर मी सही केली.

समितीत तीन जण होते. त्यातले बाहेरून आलेले सदस्य म्हणाले, इतक्या खेपा फसल्या आणि एक साधली, तर तो योगायोग नाही कशावरून? विषय बदलावा हे बरं. प्रज्ञा भिंतीपाशी उभी होती. सर पंख्याकडे बघत होते. अध्यक्षीणबाई वयस्क होत्या. त्यांनी मला आत बोलावलं. त्या खोलीत मी एरवी फक्त सूक्ष्मदर्शक पोचवायला जायचे.

"ताई, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "सगळ्या खेपांना पेशी सारख्याच पेरल्या होत्या ना?"

"हो" म्हणणं सोपं होतं. सगळे त्याच शब्दाची वाट बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "आधीच्या सगळ्या मी विरळ पेरल्या. तिनं लिहून दिलं होतं दाट पेरा म्हणून, मी वाचलं नाही. शेवटची एक दाट पेरली, आणि तिच्यासोबत एक मुद्दाम विरळ. औषध तिचंच होतं, मोजणीही तिचीच. तिचं कुठेही चुकलेलं नाही. हलगर्जी शब्द मीच सरांना दिला होता. तो खोडा."

सरांचा चेहरा मी पाहिला नाही. बाईंनी प्रज्ञाच्या वह्या मागवल्या आणि बराच वेळ चाळल्या. मग त्या बाहेरच्या सदस्यांना म्हणाल्या, "म्हणजे या फसलेल्या खेपा नाहीतच. टेकलेल्या पेशींत शेजारणी मरतात, सुट्यांत मरत नाहीत. सहा महिन्यांच्या नोंदी आहेत, इतक्या खेपा मुद्दाम तरी कुणी केल्या असत्या का?" प्रज्ञाला एक वर्ष वाढवून मिळालं. माझ्या चुकीचं पुढे तिच्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण झालं. मी वाया घालवलेल्या प्लेट त्यात तक्त्यांमध्ये ओळीनं उभ्या आहेत.

समिती उठल्यावर मी मागच्या जिन्यात जाऊन बसले.  प्रज्ञा मागून आली आणि एक पायरी सोडून खाली बसली. मी म्हटलं, "प्रज्ञा, मले माफ कर वं. मी तुले सहा महिने नाहक बोल लागू दिला."

ती म्हणाली, "मले माहीत होतं ताई."

"काय माहीत होतं?"

"पेशी विरळ आहे म्हणून. औषध न टाकलेली प्लेट तुमी देत होत्या ना सोबत, त्यातल्या मोजत होती मी. पाच दिवसांत कितीच्या किती होते ते माहीत आहे, तं उलटं मोजलं की सुरुवातीले किती टाकल्या ते निघते. दुसऱ्या महिन्यातच निघालं होतं."

 "मंग बोलली काहून नाही? माझ्यासोबत नाही तं नाही, सरांले तरी सांगायचं!"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरं तर जरा समजावून सांगावं तसं.

"सांगतलं असतं तं सरांनी काय केलं असतं, ताई? तुमालेच विचारलं असतं."

खरं होतं. मलाच विचारलं असतं. आणि मी काय सांगितलं असतं, तेही आम्हा दोघींना ठाऊक होतं.